योग्य ते वंगण

गाडीच्या इंजिनात क्रँक बसवण्याआधी बेअरिंगला काय लावायचं, एवढंच अंकुशला लिहायचं होतं. वंगणाचं नाव, खाली सही. सरकारी वर्कशॉपचा भांडारपाल तो. बावीस वर्षांत सह्या पुष्कळ केल्या होत्या, पण नाव लिहिलं की माणूस सापडतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आधीच्या भांडारपालाने ‘ग्रीस’ लिहिलं होतं. ग्रीसने तेलाच्या वाटा बुजल्या, इंजिन जाम झालं. इंजिन पुढे सुटलं. भांडारपाल अजून चौकशीत अडकलेला होता.

टेबलावर ऑइलचा डबा होता आणि लाल पेस्टची एक ट्यूब. ऑइल मंजूर यादीत होतं. पेस्ट नव्हती.

“ऑइलच लिहून टाकतो,” अंकुश म्हणाला.

“लिहा ना,” धोंडबा मिस्त्री हात पुसत म्हणाला. “पन साहेब लोक कार्यक्रम घेऊन झेंडा दाखवेस्तोर गाडी उभीच राहीन. ऑइल ओघळून जाते. मंग चाबी फिरवली, का पंपाचं तेल वर येवोस्तोर बेअरिंग कोरडंच फिरते. पेस्ट चिकटून राहते.”

अंकुशने लिहिलं : ‘योग्य ते वंगण वापरावे.’ सही ठोकली. जिवात जीव आला.

धोंडबाने कागद वाचला. उलटून मागची बाजूही पाहिली.

“सायेब, ‘योग्य’ नावाचा डबा कोनत्या कपाटात आहे?”

“तुम्हाले समजते ना सगळं? मग लावा. नाव काहून पाहिजे?”

“तोंडी नाही लावत जी मी. ॲम्ब्युलन्स आहे. पेशंट घेऊन रस्त्यात मधातच बंद पडली, तर मलेच धरतीन.”

“जाणार कुठं आहे?”

“सावनेरकडं. खाणीजवळच्या दवाखान्यात.”

अंकुशची मुलगी मेघा तिथेच होती, जावयाच्या क्वार्टरात. नववा लागला होता. काल फोनवर म्हणाली होती, “इथं एकच ॲम्ब्युलन्स आहे बाबा, तीही कुठंतरी दुरुस्तीले गेली म्हणतात.” कुठंतरी म्हणजे कुठं, ते आत्ता कळलं.

त्याने ‘योग्य ते वंगण’ खोडलं. वर ‘लाल पेस्ट’ लिहिलं. अक्षर असं थरथरलं की ते दुसऱ्या कुणाचं आहे असं पुढे चौकशीत सांगता आलं असतं. म्हणून त्याने खाली पूर्ण नाव लिहिलं.

धोंडबाने ट्यूब दाबली आणि बोटाने बेअरिंगवर लाल थर सावकाश पसरवू लागला.

“अजून थोडी लावा,” अंकुश म्हणाला. “किती दिवस टिकते?”

“दोन-तीन महिने भेव नाही. झेंडा कवा आहे?”

अंकुशने फाइल उघडली. वरून आलेलं पत्र वरच होतं. तारखेच्या जागी टाइप केलं होतं : ‘योग्य वेळी कळविण्यात येईल.’