निळा उजेड

जादूगारांच्या कादंबऱ्या लिहून त्याने नाव कमावलं होतं, आणि त्याच्या प्रत्येक मंत्रासरशी हमखास निळा उजेड पडायचा. बायको त्याची पहिली वाचक. लाल पेन घेऊनच बसायची आणि निळा उजेड दिसला रे दिसला की खोडायची.

"आली का पुन्हा तुझी ट्यूबलाइट! अरे, जादू खरी असेल तर तिला दिवे लावायची काय गरज?"

आज तिचं पहिलं रेडिएशन होतं. जाड दाराबाहेरच्या खुर्चीत तो नुसता हात चोळत बसला होता. थोड्या वेळाने ती स्वेटरची बटणं लावत बाहेर आली.

"काय झालं आत?"

"काहीच नाही रे. ना उजेड, ना चटका. मशीन जरा घरघरलं आणि सिस्टर म्हणाल्या, झालं, उठा." शेवटच्या बटणाशी तिची बोटं थांबली. "खरंच काही झालं असेल ना?"

पानंच्या पानं जादू लिहिणाऱ्याने पुढे होऊन ते शेवटचं बटण लावलं.

तिने त्याचा हात धरला.

 

"घरी गेल्यावर लिहायला बस. मला त्या मशीनखाली झोपव, आणि पाड तुझा तो निळा उजेड. या वेळी मी नाही खोडणार."