हुबेहूब घड्याळ

माझ्या अर्धांगिनीच्या थोरल्या भगिनीजवळ परदेशी बनावटीचे एक अत्यंत महागडे घड्याळ आहे. तसेच घड्याळ माझ्या सौभाग्यवतीच्या मनगटावरही शोभावे, या इच्छेने मी सुटे भाग मागवून त्याची प्रतिकृती स्वहस्ते जुळविण्याचा संकल्प केला. डोळ्यास भिंग लावून, चिमट्याने एकेक काटा बसवून, तबकडीवरील धूळ रबरी फुंकणीने उडवून मी अखेर वरची काच दाबून बसविली.

वाढदिवशी तिने ते हाती बांधले आणि हळूच विचारले, "अहो, ताई ओळखणार नाही ना?"

"खुद्द बनविणारा कारखानदारही ओळखणार नाही," मी छातीठोकपणे उत्तरलो.

सायंकाळी ताई आल्या. त्यांनी धाकटीचा हात दिव्याखाली ओढला, चष्मा कपाळावर सरकविला आणि घड्याळ अगदी नाकाशी नेले.

"अगं बाई, आत केस अडकलाय! खऱ्या घड्याळात कधी केस सापडतो होय? कुणीतरी टोपी घातली हो तुम्हाला, पाहुणे!"

माझी मान खाली गेली. माझ्यापायी हिची शोभा झाली. हिने मात्र घड्याळ उजेडात तिरपे धरून शांतपणे न्याहाळले.

"पांढरा आहे. म्हणजे ह्यांचाच," ती म्हणाली. "ह्यांनी स्वतः बसून जुळवलंय, ताई. तुझ्या घड्याळात भावोजींचा केस सापडेल का गं?"