डोंगराची उंची

छावणीसमोरच्या डोंगराबरहुकूम केलेला मातीचा डोंगर टेबलावर होता. त्याच्या आडोशाला लेफ्टनंट शार्दूलने आपल्या तुकडीचे पितळी सैनिक मांडले. मेजर धायगुडेंनी टेबलावरच्या शत्रूच्या चौकीवरून लेझर मारला. लाल रेघ माथ्यावरून सरळ सैनिकांच्या छातीवर पडली.

"चौकीवरून आपण दिसतोय, सर."

मेजरांनी चिमटीने ओल्या मातीचा माथा जरा उंच केला. रेघ अडली. "आता?"

रविवारी मेसमध्ये हाच लढाईचा खेळ खेळताना ते अशीच लबाडी करायचे आणि शार्दूल हसत हसत भांडायचा. आज बाहेर ट्रक सुरू होऊन उभे होते.

"आता नाही दिसत, सर."

"मग निघा. उजेडातच पोचायचंय."

हेल्मेट चढवून शार्दूल बाहेर आला. समोर उन्हात डोंगर उभा होता, सकाळी होता तेवढाच.