पाण्याचा नमुना

"तुम्ही आडनाव लावत नाही का?" रश्मीच्या गळ्यातल्या कार्डावर वाकून विद्याधररावांनी विचारलं.

"नाही लावत, काका." ती टोपीत केस कोंबत होती.

"गाव कुठलं?"

"भांडुप."

"नाही, मूळ गाव हो."

"मूळचंही भांडुपच. जन्म तिथलाच."

काही उत्सुकता दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी असते. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते. विद्याधररावांचं तसंच झालं होतं.

मुलुंडच्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोल्यांत ते आणि नीलाताई देवळासाठी प्रसादाचे बुंदीचे लाडू करत, तेही सोवळ्यात. देवस्थानाने यंदा बजावलं होतं, सरकारमान्य संस्थेकडून तपासणी करून प्रमाणपत्र आणा, नाहीतर माघी गणपतीचे लाडू दुसऱ्याकडून घेऊ. सगळीकडे पोचायला सरकारकडे माणसं पुरत नाहीत, म्हणून अशा बाहेरच्या संस्थांना मान्यता मिळालेली. रश्मी त्यातल्याच एका संस्थेची. माघीचे लाडू हातचे गेले तर दोघांचा धंदाच बसला असता, त्यामुळे विद्याधरराव आज भलतेच गोड बोलत होते.

ओटा चकचकीत, बेसन बंद डब्यांत, तूप झाकलेलं, खिडक्यांच्या जाळ्या शाबूत. रश्मीला बरं वाटलं. इतकं नीटनेटकं स्वयंपाकघर रोज कुठे बघायला मिळतं? मग तिला कोपऱ्यातला तांब्याचा मोठा हंडा दिसला.

"हे पाणी कुठलं?"

"विहिरीचं. आमच्याच आवारातली विहीर. पाकाला, भांड्यांना, सगळ्याला हेच."

"कधी तपासलंय?"

"विहिरीचं पाणी कोण तपासतं?" विद्याधरराव हसले.

"मी," रश्मी म्हणाली आणि तिने बॅगेतून निर्जंतुक केलेली बाटली काढली.

"आणा इकडे, मी भरून देतो."

"नाही काका, नमुना आम्हीच घ्यायचा. तुम्ही भरून दिलात तर ती तुमची तुम्हीच केलेली तपासणी झाली. मग मी कशाला आले?"

विद्याधररावांनी हात मागे घेतला. जरा वेळाने म्हणाले, "वडिलांचं नाव काय म्हणालात?"

ती काहीच म्हणाली नव्हती.

"भीमराज," तिने सांगितलं.

हवं होतं ते उत्तर त्यांना मिळालं. ते हंडा आणि रश्मीच्या मधोमध उभे होते, तिथून हलेनात. खोलीतल्या तिघांनाही सगळं कळलं होतं. काही कळलंच नाही असं दाखवायचा प्रयत्न एकट्या नीलाताईंनी केला.

"अहो, ग्लोव्ह्ज घालणारेत ना त्या," त्या म्हणाल्या. "मग काय झालं?"

रश्मीला राग आला. असल्या पाण्याच्या गोष्टी तिने आजोबांकडून ऐकल्या होत्या, आज पहिल्यांदा तसला हंडा समोर होता. विद्याधररावांच्या हाताने बाटली भरून घेतली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता, आणि दहा मिनिटांत ती रिक्षात बसली असती. पण रागापेक्षा तिला कुतूहल जास्त वाटत होतं. हा माणूस आता काय करेल?

"काका, तुम्ही नको म्हणालात तर मी तसंच लिहीन. नमुना घेऊ दिला नाही. मग प्रमाणपत्र विसरा. तुम्हीच ठरवा."

विद्याधररावांनी बायकोकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या गणपतीकडे. गणपती काही मदतीला आला नाही. शेवटी ते बाजूला सरकले.

रश्मीने ग्लोव्ह्ज चढवले, झाकण काढलं आणि बाटली हंड्यात बुडवली. पाणी बुडबुड करत आत शिरलं. तिने बूच लावलं, सील केलं, वर तारीख घातली.

"नीला," विद्याधरराव खालच्या आवाजात म्हणाले, "हंडा पालथा घाल. पाणी बाटलं."

आवाज कितीही खालचा असला तरी खोली एवढीशीच होती.

"ते आत्ताच कसं सांगता, काका?" बाटली बर्फाच्या पेटीत ठेवत रश्मी म्हणाली. "रिपोर्ट यायचाय अजून."

विद्याधररावांनी हंड्याकडे पाठ फिरवली. नीलाताई मात्र दोन पावलं पुढे आल्या. पेटीतल्या त्या बाटलीकडे त्या टक लावून बघत होत्या. इतकी वर्षं त्याच पाण्यात हात घालूनही हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"मी काय विचारते," त्या म्हणाल्या, "पाणी बाटतं ते कशाने हो? म्हणजे बहुतेक वेळा?"

"बहुतेक वेळा ना, काकू?" रश्मीने पेटी बंद केली. "साबण न लावलेल्या हातांनी."

नीलाताईंनी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. विद्याधररावांनी ते हळूच पाठीमागे नेले.