उंदरानं खाल्लेली वायर

वडूजजवळच्या त्या गावात घरटी एक जवान होता, आणि घरोघरी जयराजच्या डिशवरून गेलेली केबल. कारगिल पेटल्यापासून शालूबाई टीव्हीपुढून हलत नव्हती. तिचा मुलगा आनंदा तिकडंच होता. आज सकाळी सरपंचांच्या फोनवर निरोप आला. अर्ध्या तासात जयराज तिच्या पत्र्यावर चढला, फक्त तिच्याच घराची वायर कापली आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं खाली उतरला.

शालूबाई उंबऱ्यात उभी होती. "टीव्हीला काय झालं रं?"

"उंदरानं वायर कुरतडलीया, मावशी. दोन दिवस तरी लागतील."

तिनं त्याच्या हातातल्या पक्कडीकडं पाहिलं. आत जाऊन टीव्हीवर टॉवेल टाकला आणि परत येऊन भिंतीला टेकून खाली बसली.

"गेल्या महिन्यात सगुणाचा पोरगा गेला, तवा तिची वायर कापाय तुला म्याच सांगितलं हुतं, जयराज. उंदराचं नाव सांग म्हणून बी म्याच म्हणलं हुतं. आनंदाला कवा आणत्यात?"