तामारियूची उतरण

दीपगृहापाशी फेलिउ गाडी घेऊन उभाच होता. सकाळपासूनची ही त्याची दुसरी खेप. आधी खाली ल्याफ्रांक गावाच्या किनाऱ्यावर तो असाच वाट पाहत उभा होता, आणि रेमेईनं त्याला नुसता हात करून पुढची वाट धरली होती.

आता पायी सहलीचे बाराही पाहुणे दम खात कठड्यावर टेकले. खाली समुद्र उन्हात चमचमत होता. रेमेई त्यांच्या पुढेच होती. वाट दाखवणाऱ्यानं पुढेच असायचं असतं. पण डावा पाय ती आता उचलत नव्हती, ओढत होती. अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झाले होते आणि आज कामाचा पहिलाच दिवस.

फेलिउनं तिला बाजूला घेतलं. सहलींचा धंदा त्याचा. वीस वर्षं ती त्याच्याकडे कामाला होती. तो हलक्या आवाजात म्हणाला, की चढ तू चढलीस, हे मी पाहिलं. पण तामारियू गावाकडची उतरण वेगळी. इथून पुढे लोकांना मी नेतो, तू गाडीत बस, कोणी काही म्हणणार नाही.



"तू घसरलीस तर एकटी पडणार नाहीस, रेमेई. मागच्यालाही घेऊन पडशील."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच तिला लागलं.

"खाली भेट," ती म्हणाली. "जेवणाचं सांगून ठेव. आम्ही दीडला पोचतो."

दीडला पोचली नाहीस तर उद्यापासून कचेरीत बसायचं, फोन घ्यायचे, असं बजावून तो गेला.

पुढची वाट पाइनच्या झाडांतून होती. उत्तरेच्या वाऱ्यानं ती झाडं एका अंगाला कशी झुकली आहेत, हे रेमेईनं सांगितलं. एखादा शब्द जिभेवर अडला की ती तो सोडून दुसरा घ्यायची. लोक ऐकत होते. मधूनच कोणीतरी तिच्या पायाकडे बघायचं आणि नजर वळवायचं.

झाडं संपली आणि पायऱ्या आल्या. उभ्या, दगडी, समुद्राच्या पाण्यानं झिजलेल्या. खाली तामारियूची पांढरी घरं आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. लोखंडी कठडा होता, पण फक्त डाव्या अंगाला. इतकी वर्षं ती या पायऱ्या उतरत आली, पण कठडा कुठल्या बाजूला आहे हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आणि तिचा डावा हात अजून धड पेलाही धरत नव्हता.

ती थांबली. मागे बारा जण थांबले.

मग तिनं समुद्राकडे पाठ केली. कठडा उजव्या हाताशी आला. तो घट्ट धरून तिनं डावा पाय मागे, खालच्या पायरीवर सोडला. टेकला. मग उजवा.

"मला असंच उतरावं लागणार," ती वर बघून म्हणाली. "तुम्ही सरळ उतरा. घाई करू नका."

पहिली हेन्ड्रिका होती, नेदरलँड्सची म्हातारी सुईण. सुजलेल्या गुडघ्यांनी ती दोन पायऱ्या सरळ उतरली, कण्हली आणि तीही वळली. चार पायऱ्यांनंतर म्हणाली, "अगं, असं दुखतच नाही की."

तिच्या मागचा तिच्याकडे बघून वळला. मग त्याची बायको. काहींना गरज होती, काहींना नव्हती. रेमेईनं कोणाला सांगितलं नाही, कोणाला अडवलंही नाही. फक्त एकेका पायरीचा अंदाज वरच्यांना देत राहिली: ही उंच आहे, ही हलते, इथे जपून.

दोन वाजत आले होते. खाणावळीतले लोक खुर्च्या वळवून वर बघत होते. कड्यावरून तेरा पाठी सावकाश खाली येत होत्या. फेलिउ धावत पायऱ्यांच्या तळाशी आला.

"हे काय चाललंय?"

रेमेईच्या पायानं खालची पायरी चाचपली, ती सापडली नाही. वाळू लागली. ती वळली. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"उद्या किती जण आहेत?" तिनं विचारलं.

फेलिउनं वर पाहिलं. हेन्ड्रिका शेवटच्या दोन पायऱ्यांवर होती.

"चौदा," तो म्हणाला, आणि तिला धरायला पुढे केलेला हात त्यानं मागे घेतला.