आजीच्या अंगाशी

पाचगणीच्या रानात स्ट्रॉबेरी तोडून बनू कातकरवाडीत परतली, तेव्हा तिची चोळी दुधानं भिजली होती. झोपडीत सासू धोंडुबाई बसली होती. चार महिन्यांची साक्षी आजीची सुकलेली छाती चोखत होती.

"द्या इकडं," बनू म्हणाली.

तिनं पोरीला पाजायला घेतलं. पोरीनं तोंड फिरवलं आणि आजीकडं मान वळवून टाहो फोडला.

"वास वळखती माझा," धोंडुबाईला हसू आवरेना. "दिसभर मीच तर असती."

बनूला ते हसू झोंबलं. पोर तिनं पुन्हा सासूच्या मांडीवर ठेवली आणि चुलीकडं तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या पोरांची वजनं करायला आलेल्या आशाताईनं साक्षीला वजनकाट्याच्या झोळीत घातलं. मागच्या महिन्यापेक्षा वजन पाव किलोनं कमी भरलं.

"दिवसभर काय पाजता हिला?"

"साखरपाणी," धोंडुबाई पुटपुटली. "रडली की छातीला लावती. मग गप ऱ्हाती."

"आजी, तुमच्या अंगावर दूध कुठलं आता? आईबरोबर रानात जाऊ द्या तिला."

सासूची मान खाली गेली. बनूला बरं वाटलं, अगदी आतून. मग झोळीतून लोंबणारे पोरीचे काटकुळे पाय तिला दिसले आणि स्वतःचीच लाज वाटली.

तरी सकाळी पोरीला पाठीशी बांधून निघताना ती सासूशी एक शब्द बोलली नाही.

रानात पोर रडतच राहिली. बनू बांधावर बसून पाजायला बघायची, पोर अंग ताठ करायची. दूध तिच्या गालावरून ओघळून जायचं. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला. बायका तोडणी थांबवून बघायला लागल्या.

तेवढ्यात चढावरून धोंडुबाई आली. अनवाणी, धापा टाकत. तिनं पोरीला हात लावला नाही. बनूच्या मागं टेकली आणि रोज पोरीला निजवताना गुणगुणायची तशी गुणगुणू लागली.

पोर गप्प झाली. कानोसा घेतला. मग आईची छाती तोंडात धरून घटाघटा पिऊ लागली.

बनूचे डोळे भरून आले. दूध आपलं आणि पोरीचे कान मात्र तिकडं.

"आता बास करा, आत्या."

धोंडुबाई थांबली. पोरीचं पिणंही थांबलं.

बनूनं पोरीला पुन्हा छातीशी लावून पाहिलं. पोरीनं तोंड फिरवलं.

"म्हणा," मागं न बघता ती म्हणाली.